रॉटरडॅमची जागा

आज मी जो काही आहे तो आमच्या भूगोलाच्या बाईंमुळे. तालुक्याच्या शाळेत त्यांनी मला शिकवलं आणि दहावीनंतर घरी येऊन वडिलांना सांगितलं, "याला दुकानात बसवू नका, शिकू द्या." घरातला पहिला पदवीधर मी झालो. युरोपचा नकाशा शिकवताना बाई म्हणायच्या, "हे शेजारी एकमेकांच्या जिवावर उठले होते. आता एकमेकांचं लोणी खातात, टोमॅटो खातात, आणि मधे फाटक नाही." ऱ्हाईन समुद्राला मिळते तिथलं रॉटरडॅम बंदर बाई फळ्यावर फार मन लावून काढायच्या.

आता मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला असतो. युरोपातून येणाऱ्या ट्रकांची कस्टम्सची कागदपत्रं करणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, मधे फाटक आलं, म्हणून तर माझी नोकरी.

या वर्षी रॉटरडॅमच्या ऑफिसात एक जागा निघाली. मी अर्ज केला आणि लगेच बाईंना कळवून टाकलं. अर्ज दुसरा एकच होता, माझ्या शेजारी बसणाऱ्या पोलिश सहकारिणीचा. मला नुकताच ब्रिटिश पासपोर्ट मिळाला होता, पण त्यावर तिकडे नोकरी करायची तर परवाना लागतो. पोलंड आणि नेदरलँड्स दोन्ही संघात, म्हणून तिला पोलंडच्या पासपोर्टवर काहीच लागत नाही.

मॅनेजर म्हणाला, "काम तुझं उजवं आहे. पण ती सोमवारी जाऊन कामाला लागू शकते."

त्याच सुमारास तिने तिच्याकडच्या बटाटा-चीजच्या उकडलेल्या करंज्या डब्यातून दिल्या होत्या. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. पण भरून द्यायला मनातून आनंद हवा, तो मला होईना.

बायको म्हणाली, "अहो, तिचा डबा अजून इथेच? जप्ती आणलीत की काय?"

"भरून द्यायचाय."

"मग भरा की! चिवडा केलाय."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शेवटी ऑफिसात सगळ्यांसमोर तीच म्हणाली, "माझा डबा ढापलास ना?" मी आमची रीत सांगितली. ती हसत सुटली. "म्हणजे माझा डबा तुमच्या बॉर्डरवर अडकलाय! अरे, रिकामा दे."

रिकामा देणं माझ्याच्याने झालं नाही. दुसऱ्या दिवशी चिवडा भरून नेला. तिने मूठभर तोंडात टाकला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तूही आला असतास तर मजा आली असती." त्याने मी अधिकच जळलो. तिने जरा तोरा तरी दाखवायचा.

ती गेल्यावर मी बाईंना पत्र लिहिलं. ते असं:

"बाई, रॉटरडॅमची जागा मला मिळाली नाही. मी पासपोर्टाला कमी पडलो, अभ्यासाला नाही, एवढं तुम्हाला कळावं. जिला मिळाली ती चांगली आहे, हुशार आहे. तरी मला तिचा हेवा वाटतो, आणि तो अजून जात नाही. तिने बंदराचे फोटो पाठवलेत, ते सोबत जोडतोय. पिवळ्या जाकिटातली ती. बोटी खरंच तुम्ही सांगायचात तेवढ्या मोठ्या आहेत. तुम्ही फोटो जरूर बघा. पण उत्तरात तिचं कौतुक करू नका, बाई. मला आवडणार नाही."