लाल शाईतला बुधवार

प्रश्नपत्रिका विकत आणायची आणि आपली आपणच सोडवत बसायची, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. माझ्या सुनेनं तसली वही मागवली तेव्हा मी हेच म्हटलं होतं. प्रत्येक पानावर वर एक छापील प्रश्न आणि खाली नुसत्या रेघा. आज कशानं बरं वाटलं? कोणाशी बोलायचं राहून गेलं? मी दोन पानं चाळली आणि म्हटलं, "अगो, हे तर आमच्या चौथीच्या पोरांना द्यायचो आम्ही. पाच ओळींत उत्तरे लिहा." ती हसली आणि वही घेऊन खोलीत गेली. ती कशालाही हसायचीच, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. सुरुवातीची वर्षं लांज्याच्या आतल्या एका वाडीत, शेवटची हातखंब्याजवळ. रिटायर झाले तरी घरी चार मुलं शिकवणीला येतात, त्यांच्या वह्या असतात, त्यामुळे लाल पेन काही सुटलेलं नाही. हे गेल्यापासून रत्नागिरीतल्या घरात मी आणि सून अशा दोघीच. मुलगा मुंबईत नोकरीला, महिन्यातून एखादा रविवार येतो. सून राजापूरकडची, इथल्या एका बँकेत कारकून. लग्न ठरतानाच बोलणं झालं होतं, की तिची नोकरी इथं आहे तोवर ती इथंच राहील, माझ्याजवळ. लग्नाला तीन वर्षं झाली होती. शेजारणी म्हणायच्या, तुमची सून किती शांत हो! मला अभिमान वाटायचा. माझ्याच वळणाची झाली, असं मी चारचौघांत सांगायचे. जळलं मेलं माझं वळण!

तो गुरुवार होता. शिमगा होऊन महिना झाला असेल. ती घाईघाईत स्कूटी काढून बँकेत गेली. मी बिरड्याचे वाल सोलून ठेवले, हात पुसले, चष्मा लावला आणि टेबलावरच्या शिकवणीच्या वह्या तपासायला घेतल्या. तिसरी वही उघडली तर ती तिची. जाताना टेबलावर डबा भरला, पर्स भरली, त्यात राहून गेली असणार.

आता खरं सांगते. मिटून बाजूला ठेवता आली असती. वहीवर काही नाव नव्हतं, पण दुसऱ्या ओळीलाच मला कळलं होतं ती कोणाची. तरी मी वाचली. पान उघडलं होतं त्यावर प्रश्न होता, ‘घरात तुम्ही कधी गप्प बसता?’ खाली तिच्या बारीक अक्षरात उत्तर होतं. मला ते अजून पाठ आहे.

‘मी काही सांगायला लागले की आई मधेच दुरुस्त करतात. काकू नाही, मामी. सात नाही, साडेसात. शिमग्यात मंगळवारी पाहुणे आले होते, मी त्यांना माझ्या माहेरची पालखी सांगत होते. पालखी आमच्या दारात नाचवतात तेव्हा माझे बाबा कसे रडतात ते सांगायचं होतं. आई म्हणाल्या, अगो तुमच्याकडे पालखी होळीच्या दिवशी येत नाही, दुसऱ्या दिवशी येते. मग बाबांचं राहूनच गेलं. आई वाईट नाहीत. पण मला रोज तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं. आता मी सांगतच नाही काही. मुंबईच्या शाखेत बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय. रविवारी तो आला की सांगायचं. पण आई एकट्या पडतील. ठरत नाही.’

वाचून झालं. राग आला, फार राग आला. तीन वर्षं मी हिच्या डब्यात ताजी भाजी देतेय, पाठीला तेल चोळून देतेय, आणि ही अर्ज लिहून ठेवते? मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. आणि कधीतरी माझी नजर माझ्याच हाताकडे गेली.

पेन हातात होतं. पानाच्या खाली बरोबरची खूण होती. खुणेखाली माझी सही, सहीखाली तारीख. इतकी वर्षं प्रत्येक पानाखाली जे केलं ते हातानं आपलं आपण करून टाकलं होतं, मला न विचारता. तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. ‘मंगळवारी’ या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘बुधवारी’.

देवा रे! त्या पानावर, सगळी पानं सोडून त्याच पानावर, मी तिला दुरुस्त केलं होतं.

ती संध्याकाळी येणार, वही उघडणार, आणि तिचं न ठरलेलं एका क्षणात ठरणार. मला तिनं जायला नको होतं. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. घरात दुसरं माणूस असलं की ताट वाढताना दोन ताटं वाढायची असतात, एवढंच मला हवं होतं.

शाळेत आम्ही शाई ब्लेडनं खरवडायचो. हाजरीपटावर चुकून गैरहजेरीचा अ लागला तर अर्धं ब्लेड घेऊन हलक्या हातानं. मी शिवणाच्या डब्यातून ब्लेड काढलं, खिडकीपाशी बसले आणि ‘बुधवारी’ खरवडायला लागले. पण हाजरीपटाचा कागद जाड असायचा. या वहीचा कागद मेला मऊ. शब्द गेला नाही, फिकट गुलाबी झाला, आणि त्याच्या मधोमध कागद इतका पातळ झाला की पलीकडची अक्षरं दिसू लागली. सहीला हात लावायची हिंमत झाली नाही. पान फाडावं तर पाठीमागे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं.

मग माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. परसात आमचा पाण्याचा बंब आहे, अजून लाकडंच घालतो त्यात. मी वही पदराखाली घेतली, कोणी बघत नव्हतं तरी पदराखाली, आणि परसात गेले. निखारे होते. नारळाची दोन सोडणं टाकली, जाळ झाला. वही हरवली म्हटलं असतं तर तिनं शोधली असती, दुसरी मागवली असती, आणि विषय संपला असता. मी वही जाळाजवळ नेली आणि नेमका फोन वाजला.

"आई, माझी ती वही टेबलावर राहिल्ये का हो?" तिचा आवाज जरा घाबरा होता. "असली तर असू दे तिथंच. मी आल्यावर घेते."

"कुठली गो वही?" मी म्हटलं. "मी नाही बघितली बाई. टेबलावर पोरांच्याच वह्या आहेत."

फोन ठेवला. मी बंबाशेजारच्या दगडावर बसले. आयुष्यभर मुलांना काय शिकवलं? घरचा अभ्यास केला नसेल तर नाही केला म्हणा, वही घरी राहिली असं खोटं सांगू नका. आणि मी वही मांडीवर घेऊन बसले होते. जाळायचं काही झालं नाही माझ्यानं. तिच्या बाबांचं रडणं त्या पानावर होतं. ते जाळायचा मला कोणी अधिकार दिला होता?

शेवटी मी वही नेऊन तिच्या कपाटात, ओढण्यांच्या घडीखाली ठेवली. म्हणजे तिला वाटेल, तिनंच तिथं ठेवली. संध्याकाळी ती आली, टेबलाकडे बघितलं, खोलीत गेली. दार लोटलं. मी स्वयंपाकघरात बिरड्याला फोडणी दिली आणि मोहरी करपवली. तीन वर्षांत पहिल्यांदा. पाचेक मिनिटांनी ती बाहेर आली. "सापडली हो आई. खोलीतच होती." आणि ताटं घ्यायला लागली.

चेहऱ्यावरून काही कळेना. बघितलं की नाही? वही उघडली तरी ते पान कशाला उघडेल? की बघून गप्प बसली? गप्प बसायची तर तिला सवयच होती, आणि ती सवय कोणी लावली हे मी वाचलंच होतं.

शुक्रवार तसाच गेला. ती चहा ठेवायची, विचारायची, साखर घालू का, आणि मी दचकायचे. एकदा मी टेबलाशी बसले असताना ती माझ्या पाठीमागून आली आणि बाजूच्या खुर्चीवरचं लाल पेन उचलून शेल्फावर ठेवून गेली. साधं आवरणं होतं की आणखी काही? शनिवारी ती अर्ध्या दिवसानं घरी आली, तेव्हा मी ठरवलं, आता सांगून टाकायचं. "अगो, ऐक," मी म्हटलं. ती समोर येऊन उभी राहिली. "बोला आई." आणि मी काय विचारलं? उद्यासाठी घावण्याचे तांदूळ भिजत घालू का. ती म्हणाली, घाला.

त्याच दुपारी मी भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची पानं उलटली. दूध किती, गॅस कधी आला, कोण आलं गेलं, सगळं मी त्यावर लिहिते. माझ्या शाळेच्या सवयीनं त्यात कधी खंड पडत नाही. निदान वार तरी माझा बरोबर आहे हे बघावं, एवढाच हेतू होता. हो, इतकी मी हट्टी आहे. शिमग्याचा आठवडा काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पाहुणे, पाच जण’. मंगळवारच्या चौकोनात.

मी पान तसंच धरून उभी राहिले. मग आणखी काय काय चुकीचं दुरुस्त केलं असेन मी? सात की साडेसात? काकू की मामी?

रविवारी सकाळी मुलगा आला. आंघोळ झाली, घावणे झाले, चहा झाला. सून खोलीत गेली आणि वही घेऊन आली. त्याच्यासमोर ते पान उघडून ठेवलं. "मला बोलून सांगता येत नाही," ती म्हणाली. "वाच."

तो वाचू लागला. मी शेगडीपाशी उभी, तवा पुसत. तवा कधीच पुसून झाला होता. वाचता वाचता तो थांबला, पान उजेडाकडे धरलं, आणि माझ्याकडे वळला.

"आई, ही सही तुझी आहे." त्याचा चेहरा लाल झाला होता. "तू हिची वही वाचलीस? आणि वर तपासलीस? काय आहे हे?"

मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "मीच दिली होती रे आईंना. गुरुवारी. म्हटलं वाचून बघा एकदा." इतक्या सहज म्हणाली, की जणू तसंच घडलं होतं.

तिनं मला वाचवलं होतं. तीन दिवस तिला ठाऊक होतं, आणि नवऱ्यासमोर माझी लाज जाऊ नये म्हणून ती खोटं बोलत होती. मुलाचा चेहराही निवळू लागला होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात एकदा.

"चूक," मी म्हटलं.

माझा आवाज वर्गात असतो तसाच निघाला होता, मला दुसरा येतच नाही. "हिनं दिली नव्हती. टेबलावर राहिली होती. मी न विचारता वाचली. फोनवर विचारलंन तेव्हा खोटं बोलले. ब्लेडनं खरवडलं ते मीच. बंबात घालायला निघाले होते." मी तवा खाली ठेवला. "आणि पाहुणे मंगळवारीच आले होते. मी कॅलेंडर बघितलं. तुझं बरोबर होतं गो."

सुनेचे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी तिला फक्त हसताना बघितलं होतं.

"मला माहीत होतं, आई," ती म्हणाली. "दर वेळी माहीत असायचं मला."

मी खाली बसले. तिनं पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला, आणि माझ्या शेजारी बसली. मग मी तिला म्हटलं, बाबांचं सांग. तिनं सांगितलं. पालखी दारात आली की म्हातारा पोरासारखा रडतो, कारण त्याचा थोरला भाऊ पालखी खांद्यावर घ्यायचा, तो आता नाही. तिनं सगळं सांगितलं, सावकाश, पालखी कुठल्या वाटेनं येते तेही. मुलगा ऐकत होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

सोमवारी तिनं अर्ज दिला. मी थांब म्हटलं नाही. म्हणायचा हक्क मला नव्हता, आणि तिनंही परत येईन असं काही खोटं सांगितलं नाही. जून उजाडायच्या आत ती मुंबईला गेली. आता ताट एकच वाढते. वाईट वाटतं, रोज वाटतं.

पण दर रविवारी तिचा फोन येतो आणि ती तासभर बोलते. बँकेतलं, शेजारणीचं, कोण कोणाला काय म्हणालं. इथं तीन वर्षांत मिळून एवढं बोलली नसेल. परवा म्हणाली, "आई, मी निघाले तेव्हा तुम्ही मला हातखंब्यापर्यंत सोडायला आला होतात ना, त्या शुक्रवारी..."

मला शनिवार आठवत होता. कॅलेंडर समोरच होतं.

"मग?" मी विचारलं. "पुढे काय झालं?"