मंचावरचा स्तूप

आमच्या घरात आता पांढरं म्हणावं असं फक्त दूध उरलं आहे.

बाकी जे पांढरं होतं, म्हणजे माझा कुर्ता-पायजमा, बायकोची नवी साडी आणि आईचं ठेवणीतलं पातळ, ते सगळं एका रविवारी मावळातल्या तांबड्या चिखलाने खाल्लं. आणि हे काही अपघाताने झालं नाही. मी स्वतः, आठवडाभर आधी, फोन करून ठरवलं होतं!

आई माझी पंच्याहत्तर वर्षांची. ती आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिला डोंगरातल्या एका लेणीत चालत नेलं होतं. आत भलामोठा दगडी स्तूप होता. आईला त्याला हात लावायचा होता, पण गोल भागापर्यंत हात पोचेना, म्हणून वडिलांनी तिला उचलून धरलं. तेव्हापासून तिच्या मनात एकच. "एकदा माज्या पायावं हुबं राहून त्येला हात लावायचाय." लेणी कुठली, गाव कुठलं, काही आठवत नव्हतं. "खांबांवर हत्ती-घोडं हायती," एवढंच सांगायची.

हे ती मला अकरा वर्षं सांगत होती आणि मी अकरा वर्षं "नेतो" म्हणत होतो. मी परंदवडीजवळच्या एका कंपनीत स्टोअर्सला आहे. शनिवारी मी थकलेला असतो आणि रविवारी शनिवारचा थकवा काढत असतो. (विहारात दरवर्षी दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर असतं. मुंडण करायचं, भिक्खूंचं गेरूच्या रंगाचं चीवर नेसायचं, एक वेळ जेवायचं. त्यालाही मी दरवर्षी "रजा नाही" म्हणून टांग मारतो. जेवणाचं कारण मी कुणाला सांगत नाही.)

यंदा मात्र आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर डोंगर नाही, पायऱ्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. आईने कॅलेंडरवर आषाढ पौर्णिमेभोवती पेनाने गोल काढला. पौर्णिमा रविवारी होती. तो गोल मला रोज चहा पिताना दिसायचा आणि मी खुर्ची फिरवून बसायचो.

तेवढ्यात मोबाइलवर कुणीतरी मेसेज ढकलला: 'मावळ दर्शन, एक दिवस. धबधबा, प्राचीन गुहा, जेवण, अनुभवी गाईड. गाडी सोमाटणे फाट्यावरून.'

झालं! नेणार तेच, आणणार तेच, वाट दाखवणारही तेच. मला फक्त बसायचं होतं, आणि बसण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय.

"अहो, गुहा लिहिलंय," माझी बायको सुनंदा म्हणाली. "लेणी कुठे लिहिलंय?"

"मावळात डोंगराला भोक दिसलं की ती लेणीच समज."

"तरी एकदा विचारून घ्या."

मी फोन लावला. गाईड तिकोणा पेठेकडचे, नाव बबनभाऊ. रेंज अशी की आवाज विहिरीतून यावा.

"बबनभाऊ, त्या गुहेत स्तूप आहे ना?"

"हाय की! त्येच तर आपलं पेशल हाय!"

"मोठा आहे का?"

"मोप हाय, साहेब! सगळ्यान्ला पुरंल."

"म्हणजे आहे कुठे तो? कसा आहे?"

"मंचाव हाय, साहेब, मंचाव!"

मंचावर! म्हणजे चौथऱ्यावर असणार. मी सुनंदाकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"आमची आई म्हातारी आहे. तिला जमेल ना?"

"म्हाताऱ्या मानसान्ला तर लयच चांगलं. घसा मोकळा होतो बगा!"

वंदना म्हटली की घसा मोकळा होतोच. मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं, "स्तूप आहे. मंचावर आहे." आईने कपाटातून ठेवणीतलं पातळ काढलं आणि त्याला स्वतः इस्त्री केली. ती इस्त्री मला अजून आठवते.

पौर्णिमेला वंदनेला जायचं तर पांढरं नेसायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. त्यामुळे रविवारी सकाळी सोमाटणे फाट्यावर आम्ही तिघं डोक्यापासून पायापर्यंत शुभ्र होऊन उभे. हातात पिशवी, पिशवीत मोगरा, मेणबत्त्या, अगरबत्ती. मिनीबस आली. आत तळेगावच्या कुठल्याशा ऑफिसातली सात-आठ पोरं-पोरी. हाफ पँटी, रंगीत रेनकोट, आणि एकाच्या मांडीवर बोंबलणारा स्पीकर. आम्ही चढलो आणि स्पीकर आपोआप बंद झाला!

बबनभाऊ पन्नाशीचे. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "साहेब, कवा झालं?"

मला वाटलं, पौर्णिमेचं विचारतायत. "काल संध्याकाळीच लागली. पण आम्ही आजची धरतो."

"आन् लगीच निगालात?"

"सकाळी आंघोळ केली आणि निघालो."

"लय धीराची मानसं," ते म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली.

"आईसाठी करतोय हो सगळं. अकरा वर्षं थांबली होती बिचारी."

बबनभाऊंनी खिडकीजवळच्या आईकडे पाहिलं. आई मजेत भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ते उठले आणि पोरांच्या कानाशी लागले. मग तासभर त्या गाडीत कुणी हू की चू केलं नाही. एका पोरीने मागे येऊन माझ्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि म्हणाली, "सॉरी, काका." मी घेतला. हल्लीच्या पिढीत एवढा आदर पाहून मला भरूनच आलं.

गाडी थांबली. पुढे चालत जायचं होतं. "हितंच हाय, धा मिंटं," बबनभाऊ म्हणाले. ती दहा मिनिटं पाऊण तास चालली! भाताच्या खाचरांच्या बांधावरून, मग ओढ्यातून, मग ज्याला वाट म्हणायचं धाडस फक्त बबनभाऊ करू शकतात अशा एका घसरगुंडीवरून. मी खास नवे बूट घेतले होते. पहिल्या बांधावर मी डाव्या कुशीवर पडलो, दुसऱ्यावर उजव्या. रंग दोन्हीकडून सारखा बसला. तिसऱ्यांदा पडताना आधाराला म्हणून मी सुनंदाचा पदर धरला, आणि मग आम्ही दोघंही जोडीने खाचरात.

"सोडा मला!" सुनंदा ओरडली.

"सोडलं तर मी जाईन!"

"जा!"

आई? आईने पहिल्याच बांधावर चपला काढून हातात घेतल्या होत्या. "चिखलात चपला कोन घालतं?" असं म्हणत, काठी टेकत, ती सगळ्यांच्या पुढे. जन्मभर भातलावणी केलेली बाई! तिच्या पातळाला फक्त मागून चिखल होता, आणि तोही मीच उडवलेला.

धबधबा आला. पोरं नाचायची सोडून अदबीने बाजूला उभी राहिली. बबनभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, हितं सोडा. पानी वाहतं हाय."

"काय सोडू?"

"कलश," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पिशवीतला."

पिशवीत कलश नाही, मोगरा आहे, हे त्यांना पटायला बराच वेळ गेला. "मंग गेलं कोन?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. कुणीच गेलेलं नाही, हे कळल्यावर पोरांना आनंद व्हायला हवा होता. पण तासभर फुकट गप्प बसावं लागल्याचा राग जास्त होता. बिस्किटाचा पुडा परत मागतात की काय असं मला वाटलं. (मी तो अर्धा संपवला होता.)

"आम्ही स्तूपाच्या वंदनेला आलोय!" मी म्हणालो. "चला, गुहा कुठाय?"

गुहा धबधब्याच्या कडेलाच होती. मी आत शिरलो. कातळाखालची एक कपार, उंची माझ्याहून कमी. एका कोपऱ्यात तीन शेळ्या, दुसऱ्या कोपऱ्यात गॅसची शेगडी, शेगडीवर पातेलं.

"बबनभाऊ, स्तूप कुठाय?"

"ह्ये काय!" बबनभाऊंनी झाकण काढलं. भपकन वाफ आली. "सूप! चायनीज मंचाव! म्या बोललो व्हतो ना फोनवं!"

मी त्या पातेल्यात पाहत राहिलो. गाजर होतं, कोबी होता, शेजारी ताटलीत वर घालायच्या तळलेल्या शेवया होत्या. सुनंदा माझ्याकडे पाहत होती. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिने मला खूप काही सुनावलं आहे, पण त्या वेळी तिने नुसतं पातेल्यावर झाकण ठेवलं. तेच जास्त लागलं.

आई एका दगडावर बसली. कुणीतरी तिच्या हातात कागदी कप दिला. तिने दोन घोट घेतले.

"चव बरी हाय," ती म्हणाली. मग मोगऱ्याच्या पिशवीची गाठ तिने पुन्हा घट्ट बांधली. "ऱ्हाऊ दे, इलास. तू थकलायस."

मला लाज वाटली. खरंच वाटली. अंगावर एवढा चिखल असूनही आतून वेगळं काहीतरी लडबडलं होतं.

"मावशी, कसला स्तूप म्हनायचा?" बबनभाऊ तिच्यापुढे उकिडवे बसले.

"लेणीतला. लहानपनी बगितलाय. खांबांवर हत्ती-घोडं हायती. आन् बैलबी."

"आवो, ती तर बेडश्याची लेणी!" बबनभाऊ ताडकन उठले आणि त्यांची टोपी कपारीला धडकली. "जाताना वाटंवंच हाय! कामशेतच्या रस्त्याला! चला, म्या नेतो!"

अकरा वर्षं. हत्ती-घोड्यांचे खांब कुठे आहेत, हे मी एकाही माणसाला विचारलं नव्हतं. या माणसाला दोन सेकंद लागले.

परतीच्या वाटेवर गाडी बेडशाकडे वळली. पोरांची मतं घेतली, तर ती एका पायावर तयार. (मीही एकाच पायावर होतो. दुसरा परतीच्या बांधावर मुरगळला होता.) लेणीला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आईने खाली उभं राहून वर पाहिलं आणि गुडघ्याला म्हणाली, "आजचा दिस दुख बाबा. मंग तुला कापनारच हायती."

एका बाजूला सुनंदा, दुसऱ्या बाजूला ती बिस्किटवाली पोरगी, पुढे शिट्टी वाजवत बबनभाऊ. दर वीस पायऱ्यांना आई बसायची, पाणी प्यायची, उठायची. मी मागून येत होतो. म्हणजे चौसष्टाव्या पायरीपर्यंत येत होतो. तिथे माझा पाय, कंबर आणि मी, तिघांनीही राजीनामा दिला. मी त्या पायरीवर बसलो आणि वर जाणारं आईचं पातळ पाहत राहिलो. वळणावर ते दिसेनासं झालं.

दीड तासाने मंडळी खाली आली. आईच्या हातातली पिशवी रिकामी होती. ती माझ्या शेजारी पायरीवर टेकली. बराच वेळ नुसती दम खात होती, पण तोंडावर असं हसू की मला आठ वर्षांची पोरगी दिसली.

"पोचला का हात?" मी विचारलं.

"पोचला." तिने तो हात उघडून मला दाखवला, जणू त्यावर काही लागलेलं होतं. "आबांनी उचललं तवा लय उच वाटला व्हता. आता माजी मीच पोचले." मग माझ्या पायाकडे पाहून म्हणाली, "तू आला आसतास तर तुलाबी उचलला आसता."

घरी आल्यावर सुनंदाने ते कपडे तीन वेळा धुतले, दोनदा भिजत घातले, एकदा नुसतेच आपटले. डाग गेले नाहीत. उलट सगळीकडे सारखे पसरले आणि माझा कुर्ता एकसंध गेरूच्या रंगाचा झाला. पुढच्या रविवारी विहारात वंदनेला जायचं, तर दुसरा कुर्ता नाही. "जो आहे तो घाला," सुनंदा म्हणाली. "स्वतः रंगवलाय."

विहाराच्या दारातच एका आजींनी चप्पल काढून मला हात जोडले. "वंदामि, भन्ते!" मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं!

आत सगळं विहार पांढरं आणि मधोमध चीवराच्या रंगाचा मी. लोकांना वाटलं, अखेर शिबिर केलं वाटतं यांनी. मी खाली मान घालून बसलो. त्रिसरण झालं, पंचशील झालं. वर्षावासासाठी पावसाळाभर मुक्कामाला आलेले खरे भन्ते आईजवळ आले. आईने त्यांना सगळं सांगितलं: बेडसं, चारशे पायऱ्या, मोगरा, हात. सांगताना "माज्या इलासनं नेलं" असं चार वेळा म्हणाली. सगळं विहार माझ्याकडे कौतुकाने पाहू लागलं.

भन्ते माझ्याकडे वळले. "फार पुण्याचं काम केलंत, उपासक. स्तूप कसा वाटला?"

खोटं बोलणार नाही, असं मी पाचच मिनिटांपूर्वी पंचशील घेताना हात जोडून म्हणालो होतो. आई पाहत होती. सुनंदा तर डोळे वटारून पाहत होती.

"गरम होता, भन्ते," मी म्हणालो. "वर तळलेल्या शेवया होत्या."