मास्तरांची शिट्टी आणि किडमिड्या

माझ्या सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. गणित, भाषा असलं काही त्यांनी कधी शिकवलं नाही. ते कवायतीचे मास्तर. निवृत्त झाले तेव्हा मैदान सोडलं, शाळा सोडली, पण गळ्यातली शिट्टी काही सोडली नाही. काळ्या दोरीतली ती पितळी शिट्टी फक्त आंघोळीपुरती खुंटीवर जाते. आमच्या घरात दाराशी चपला रांगेत उभ्या असतात, टाचेला टाच लावून. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "पाठ सरळ!" मी बस डेपोत तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची बोलणी खाल्ल्यावर पाठ वाकणार नाही तर काय होणार? पण तेव्हा नवी होते, म्हणून ताठ बसले. आता बसत नाही.

अशा माणसाच्या घरात माझ्या नवऱ्याने कुत्रा आणला, आणि तोही कसला! त्याचा एक मित्र ही जात पाळतो. वासावर नाही, नजरेवर शिकार करणारी फार जुनी जात आहे म्हणे. लांबवर काहीतरी हललं की यांना दिसतं आणि दिसलं की हे सुटतात. आता फार थोडे उरलेत, म्हणून चांगल्या घरांत ते वाढले पाहिजेत, असं त्या मित्राने माझ्या नवऱ्याच्या गळी उतरवलं. चांगलं घर म्हणजे आमचं. मला कोणी विचारलंच नाही. जातीचं नाव घेताना माझी जीभ अडखळते, त्यामुळे मी त्याला किडमिड्या म्हणायला लागले आणि तेच चिकटलं.

दिसायला होताच तसा. लांबोडकं तोंड, बरगड्या बाहेरून मोजाव्यात, कंबर तर नावालाच. त्याला फिरायला नेलं की लोक आमच्याकडे संशयाने बघायचे. समोरचा न्हावी तर पहिल्याच आठवड्यात पाव घेऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, अडचण असेल तर सांगा ना. शेजाऱ्यांपाशी लाज कसली?"

मी त्याला स्वयंपाकघरात नेऊन रिकामं पातेलं दाखवलं. ओट्यावर झाकून ठेवलेलं सगळं दूध किडमिड्याने उभ्या उभ्या, पाय न उचलता संपवलं होतं. न्हाव्याने पाव परत नेला.

मास्तरांनी पहिल्या दिवसापासून शिस्तीचा प्रयोग सुरू केला. लांब शिट्टी म्हणजे थांब, छोट्या छोट्या शिट्ट्या म्हणजे इकडे ये. पालथ्या घड्यावर पाणी! किडमिड्या बाहेरच्या खोलीत दिवाणावर चारही पाय छताकडे करून झोपायचा, आणि ती मास्तरांची पेपर वाचायची जागा होती. मास्तर शिट्टी फुंकायचे. किडमिड्या एक डोळा उघडायचा, कोण आहे ते बघायचा आणि मिटायचा. मास्तर खुर्ची ओढून पेपर वाचायला बसायचे.

एकदा त्यांनी त्याला शाळेच्या मैदानावर मोकळं सोडलं. वाऱ्यावर एक प्लास्टिकची पिशवी उडत होती. ती त्याला दिसली आणि संपलं. मी आयुष्यात असं पळणं पाहिलं नव्हतं. पाय जमिनीला लागत होते की नाही कोण जाणे. मास्तर लांब शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झाले, खेळायला आलेली पोरं हसायला लागली, आणि एका क्षणी मास्तर फुंकायचेच थांबले. शिट्टी तशीच ओठात. घरी येताना स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "चारही पाय वर होते. इतकी वर्षं शर्यती घेतल्या, असा धावणारा एक नाही मिळाला."

पण शिस्त ती शिस्त. न्हाव्याची एक गलेलठ्ठ मांजर दुकानाच्या पायरीवर बसते. तिला बघून किडमिड्या रोज मास्तरांना फरपटत नेई, रोज मास्तर शिट्टी फुंकत, आणि न्हावी हातातला वस्तरा थांबवून म्हणे, "मास्तर, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच हो."

आणि मग काही वर्षांनी, कसं कोण जाणे, किडमिड्या सुधारला. मांजर समोरून गेली तरी हलेना. मास्तरांच्या गुडघ्याला खांदा लावून, त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून चालायला लागला. शिट्टी वाजली की मान वळवून यायचा. बाहेर ओढ नाही, घाई नाही. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याला घेऊन ते न्हाव्याच्या दुकानात मुद्दाम जाऊन बसत.

"बघितलंस? मांजर नाकासमोरून गेली. हलला?"

"नाही हलला, मास्तर. मानलं तुम्हाला."

"चिकाटी लागते. शाबास रे, शाबास!"

माझा नवरा हे ऐकून चाटच पडला. तो स्वतः मास्तरांच्याच शाळेत शिकला, धावण्यात दोनदा पहिला आला, पण "शाबास" हा शब्द त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

मला दर काही महिन्यांनी घरातलं सामान हलवायची खोड आहे. डेपोतली खिडकी काही मला हलवता येत नाही, म्हणून मी घरातला दिवाण हलवते. त्या सुट्टीच्या दिवशी दिवाण खिडकीखाली नेला आणि त्याच्या जागी जेवणाचं टेबल आणलं. किडमिड्या आतून आला, नेहमीसारखा, आणि नेहमीच्या जागी दिवाणावर चढायला म्हणून त्याने उडी घेतली. टेबलाच्या कडेवर त्याचं तोंड आपटलं. तो मागे सरला, थरथरला, आणि पुन्हा तिथेच हळूच नाक पुढे करून चाचपायला लागला. भर दुपार होती, उन्हाने खोली भरलेली. मी हातातला फडका त्याच्या डोळ्यांसमोर हलवला. त्याने पापणीसुद्धा लववली नाही.

त्याचं नाक कुरवाळत मी खाली बसले आणि सगळं एकेक करून आठवायला लागलं. ती मांजर, तो गुडघ्याला लावलेला खांदा, जिना उतरताना दर पायरीवर थांबणं. आणि पहिला विचार आला तो मास्तरांचा. त्यांना कोण सांगणार?

मी नाही सांगितलं. टेबलावर आपटला म्हणून दाखवून आणू या, एवढंच म्हणाले. प्राण्यांची डॉक्टरीण मास्तरांची जुनी विद्यार्थिनी निघाली. ते आत आले तशी ती खुर्चीतून उठून ताठ उभी राहिली. तिने किडमिड्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं, मग बॅटरी खिशात ठेवली.

"सर, याला दिसत नाही. हळूहळू कमी होत गेलं असणार. आता अजिबातच दिसत नाही."

"असं कसं?" मास्तर म्हणाले. "तो माझं सगळं ऐकतो."

"हो सर. कान चांगले आहेत त्याचे."

"मांजर गेली तरी हलत नाही. मी शिकवलंय त्याला."

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे. शेवटी ती म्हणाली, "यावर औषध नाही सर. घरात जपा, सामान हलवू नका. पण पळणं सुटलं की हे कुत्रे मनाने खचतात, तेवढं बघा." ते कसं बघायचं, हे तिलाही सांगता आलं नाही.

घरी आल्यावर मास्तरांनी शिट्टी काढून खुंटीला अडकवली. आंघोळ झाली तरी ती तिथेच राहिली. दिवाण मी परत जुन्या जागी ठेवला. किडमिड्या त्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, जेवणाला तोंड लावायचा आणि सोडून द्यायचा. आता चार पाय छताकडे नाहीत. मास्तर खुर्चीत पेपर हातात धरून त्याच्याकडे बघत बसायचे. न्हाव्याच्या दुकानात जाणं बंद झालं.

एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तो घाबरून मला चिकटत होता," म्हणाले, "आणि मी त्याला शिस्त म्हणत होतो."

मी भाजी चिरत राहिले.

"पोरंसुद्धा तशीच उभी राहायची का गं रांगेत?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "काही राहत असतील, बाबा. तुमचा मुलगा अजून राहतो. पण ती डॉक्टरीण मात्र नुसती घाबरून उठली नव्हती."

त्यांनी मान हलवली. मला त्या क्षणी त्यांची इतकी कणव आली की सुरी खाली ठेवावी लागली.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. मास्तर रोज सकाळी पिशवी घेऊन एकटेच बाहेर जायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "काम आहे." आणि खुंटीवरची शिट्टी परत गळ्यात आली. घरातल्या लांब बोळात ते किडमिड्याला एका टोकाला बसवायचे, दुसऱ्या टोकाला उभे राहून हळू हळू शिट्ट्या द्यायचे. छोट्या, छोट्या, छोट्या, मग एक लांब. किडमिड्या भिंतीला अंग घासत यायचा. लांब शिट्टीला थांबला की ते त्याच्या कानामागे खाजवायचे. शाबास मात्र म्हणायचे नाहीत.

"मैदानावर सोडणार आहे त्याला," एक दिवस जेवताना म्हणाले.

माझा नवरा जन्मात पहिल्यांदा बापापुढे आवाज चढवून बोलला. "बाबा, वेड लागलंय का? आपटला, पाय मोडला तर? तसा एक मोडला की हे कुत्रे गेलेच म्हणून समजा! घरात जगेल तो. जगू दे."

"हे जगणं आहे होय?" मास्तर दिवाणाकडे हात करून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पलीकडून सोडायला कोणीतरी लागतं. येशील?"

ज्या कुत्र्याला घरात आणताना मला कोणी विचारलं नव्हतं, त्याच्यासाठी मला विचारलं जात होतं. मी हो म्हणून बसले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी शाळेचं मैदान रिकामं होतं. तेव्हा मला पिशवीचं कोडं उलगडलं. कुंपणाकडेला दगडांचा ढीग होता, आणि मैदानभर माती भरून बुजवलेले खड्डे दिसत होते. इतकी वर्षं पळायला सुरुवात करून देण्याच्या रेषेवर उभे राहिलेले मास्तर त्या दिवशी दुसऱ्या टोकाला, शर्यत संपते तिथे जाऊन उभे राहिले.

मी पट्ट्याची दोरी सोडली. किडमिड्या जागचा हलेना. त्याचे पाय लटपटत होते. लांबून छोट्या छोट्या शिट्ट्या यायला लागल्या. त्याचे कान उभे राहिले. एक पाऊल, मग दुसरं, पाय उंच उचलत, चाचपत. शिट्ट्या थांबेनात. तो दुडक्या चालीने निघाला, आणि मग पाठ वाकवून त्याने स्वतःला असं काही सोडून दिलं की माझ्या तोंडून किंकाळीच फुटली.

"बाबा, बाजूला व्हा!"

ते बाजूला झाले नाहीत. हललो तर आवाज हलेल, म्हणून आयुष्यभर पोरांना सांगितलं तसे सावधान उभे राहिले. अगदी जवळ आल्यावर त्यांनी लांब शिट्टी दिली. किडमिड्याने पुढचे पाय रोवले, धूळ उडाली, तो थांबला, पण जरा उशिरा. मास्तर मातीत बसले आणि तो त्यांच्या मांडीवर.

मी धापा टाकत पोचले. "लागलं का? कुठे लागलं?"

त्यांचा हात किडमिड्याच्या भात्यासारख्या हलणाऱ्या बरगड्यांवर होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"चारही पाय वर होते," म्हणाले. "तू पाहिलंस ना?"

"पाहिलं, बाबा."

"शाबास," ते त्याच्या कानाशी म्हणाले. मग माझा हात धरून उठले, कपडे झटकले. "तू इथेच थांब त्याला धरून. मी जरा अजून लांब जातो."

मी पट्टा धरून थांबले. मास्तर मैदान ओलांडून मघापेक्षाही पलीकडे, थेट कुंपणाकडे चालू लागले, चालता चालता शिट्टी वाजवत, आपण कुठे आहोत ते त्याला कळत राहावं म्हणून.