विलासच्या नावापुढची खूण

तारीख : गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला तिसरा शनिवार. ठिकाण : मुंबई, क्रूझच्या टर्मिनलचा वेटिंग हॉल.

हजर : मी, सासरे आबा, वय अठ्ठ्याहत्तर, धाकटा दीर विलास, त्याची बायको सुनीता, नणंद मंगल, मंगलचे मालक, म्हणजे आमचे दाजी. एकूण सहा. आमचे हे मेंढरांपाशी घरी थांबले होते.

ही नोंद माझ्या वहीवरून घेतली आहे. मी अंगणवाडी पर्यवेक्षिका. जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही, असं आमच्या सेविकांना सांगत आले. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी विचारायची — तारीख काय, वेळ काय, सोबत कोण होतं? निम्मे तिथंच गप्प व्हायचे. म्हणून या गोष्टी आधी दिल्या. पुढचं ज्याला जसं घ्यायचं तसं घ्या.

आमचं गाव जवळा बाजारजवळ. घरी मेंढरं, शेळ्या आणि थोडी जमीन. मंगल-दाजींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोन रात्रींची क्रूझ ठरली. ठरवली मीच. तिकिटं, आधार कार्डांच्या झेरॉक्स, आबांच्या गोळ्या, कोण कोणत्या खोलीत — सगळं माझ्या हातचं. मंगल आणि दाजी एका खोलीत, सुनीता माझ्यासोबत, विलास आबांसोबत. सुनीता म्हणाली होती, "ताई, नवरा-बायकोची सहल म्हणून निघालो, अन् मला तुमच्या खोलीत टाकून राहिल्या व्हय." मी म्हटलं, आबांना रात्री एकटं कसं ठेवायचं?

बारा वाजता जहाजात घेणार होते. समुद्रावर वारं फार आहे म्हणून तीनची वेळ सांगितली, मग पाचची. हॉल गच्च भरलेला. मी दर अर्ध्या तासाला आमची माणसं मोजत होते.

आबांचं एक इथं सांगायला हवं. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली, पण कधी मोजली नाहीत. मोजलं की कळप घटतो असं ते मानतात. सांजच्याला कळप आला की वाड्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि एकेक तोंड पाहायचं. दीडशे तोंडं झाली की म्हणायचे, "ती काळ्या कानाची न्हाई आली." जाऊन पाहावं तर काळ्या कानाची खरंच ओढ्यात अडकलेली असायची. हे चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

तर साडेतीनच्या सुमाराला आबा म्हणाले, "सूनबाई, एक कमी हाय."

"आबा, सहाच्या सहा आहोत. हे पाहा."

"कागद राहू दे. विलास कुठं हाय?"

विलास त्यांच्या डाव्या हाताला, खांद्याला खांदा लावून बसला होता.

दाजी हसले. "मामा, चष्मा पुसा. का मांडीवर आणून बसवू त्याला?"

"आबा, मी हाय ना," विलास म्हणाला.

आबांनी तिकडं मान वळवली. बराच वेळ पाहिलं. "आवाज येऊन राहिला. तोंड न्हाई दिसून राहिलं."

मला वाटलं थकले असतील, रात्रभर गाडीत होते. मी त्यांना समोरच्या भिंतीवरचं घड्याळ विचारलं, त्यांनी मिनिटासकट सांगितलं. सुनीताच्या पदराचा रंग सांगितला. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, नजर चांगली. फक्त विलासवर आले की त्यांची नजर सरळ पुढं निघून जायची... रिकाम्या खुर्चीवरून जाते तशी.

जहाजात घ्यायला लागले तेव्हा आबा उठेनात. "एक कमी असल्यावर कळप नदीत घालत न्हाईत."

"आबा, ही मेंढरं नाहीत."

विलास मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, आबा म्हनतेत तर जायचं का माघारी? वारंबी लई सुटलंय म्हनतेत. खरं सांगू, मला पान्याचं जमत न्हाई."

"विलासभाऊ, आठ महिन्यांपासून ठरलंय. तुमचं नाव लिहिलेलं आहे."

"लिव्हलंय तर मग काय," तो हसत म्हणाला आणि आबांची पिशवी उचलून रांगेत लागला. पिशवी चालली तसे आबाही उठून मागं आले. दारात प्रत्येकाचा फोटो काढतात. त्याचाही काढला. म्हणजे तो चढला हे नक्की.

जहाजात दोन दिवस हाच खेळ. आबा सांगायचे, "मी खोलीत एकलाच हाय." दाजी जेवताना चेष्टा करायचे, "मामा, तुमच्या पोराला जिलबी देऊ का? दिसायची न्हाई तुमाला, पर खाऊन जाईल." विलासही हसायचा. सगळ्यांना त्याची सवय झाली. मलाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मी आबांचं दार वाजवलं. आबा एकटे तयार बसले होते. मी विचारलं, विलासभाऊ कुठं आहेत?

"काहून विचारतीस? पहिल्यापासून एकलाच हाय मी."

मी वाद घातला नाही. पुढं गेला असेल म्हटलं. टेबलावर खोलीची दोन्ही कार्डं पडली होती, माणशी एक; दारही त्यानंच उघडतं आणि उतरतानाही तेच दाखवायचं असतं. ती उचलली. दोन का पडली आहेत, हे तेव्हा मनात आलं नाही. सामान आदल्या रात्रीच खोल्यांबाहेर ठेवायला लावलं होतं, त्यात त्याची बॅग होतीच.

निघतानाच्या उशिरामुळं जहाज परतही उशिरा लागलं होतं. उतरण्याच्या दारात ही ढकलाढकली. मी सगळ्यांची कार्डं एकत्र केली, म्हणजे कुणाचं हरवायला नको, आणि तिथल्या माणसाच्या हातात गठ्ठा दिला. त्यानं सहा वेळा मशीनला लावली. त्यानंही मान वर केली नाही, मीही नाही. वहीत सहा खुणा केल्या.

बाहेर गाडीत बसलो आणि सुनीता म्हणाली, "हे कुठं हायत?"

आम्ही दोन तास शोधलं. मग पोलीस ठाणं. जहाजवाल्यांची मशीन सांगत होती, सहा जण उतरले. साहेबांनी विचारलं, शेवटचं कुणी पाहिलं? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "मी. उतरताना माझ्या मागंच होते." वहीही दाखवली.

तसा जबाब झाला. त्यामुळं शोध झाला तो शहरात — स्टेशनं, दवाखाने, लॉज. समुद्रात कुणी पाहिलं नाही. जहाजावरचे कॅमेरे कुणी मागितले नाहीत आणि ते जहाज संध्याकाळी दुसरी माणसं घेऊन निघूनही गेलं. नंतर मी घरात एकेकाला विचारलं, आदल्या रात्री जेवताना विलास होता का? मंगल म्हणाली, होता ना. दाजी म्हणाले, असंल. सुनीताला दुपारचं बोलणं आठवतं, रात्रीचं सांगता येत नाही. नक्की पाहिलं असं म्हणणारी या घरात एकटी मीच. आणि मी पाहिलेलं नाही.

आबांना मी एकदाच विचारलं, तुम्हाला तेव्हा काय दिसलं होतं?

"तवा सांगितलं तर कागद दावला तू. आता काय विचारतीस."

हिंगोलीच्या डॉक्टरांनी त्यांचे डोळे पुन्हा तपासले, मेंदूचा फोटोही काढला. वयाच्या मानानं उत्तम. समोर बसलेला पोटचा पोरगा दोन दिवस आधीच त्यांना दिसायचा का थांबला, ते एकाही रिपोर्टात नाही.

नातेवाईक म्हणतात, विलास घर सोडून गेला. सुनीताच्या तोंडावर म्हणतात. ती दर दोन महिन्यांनी मुंबईला जाते, स्टेशनांवर फोटो दाखवत फिरते. "ताईंनी उतरताना पाहिलंय," एवढंच ती सगळ्यांना सांगते.

परवा ती पुन्हा निघणार आहे. फोटोच्या पन्नास झेरॉक्स मीच काढून दिल्या. जबाब दुरुस्त करण्याचा अर्ज मी गेल्या दिवाळीत लिहून ठेवला आहे, एकच पान आहे. त्यावर सही करायची राहिली आहे.