पळून गेलेला राजा

चमचा हवेत धरून ते म्हणायचे, "ऐक, आमच्याकडे राजा निवडून आणत असत." मग सूप थंड होईपर्यंत पोलंडचा इतिहास चालायचा.

जपानमध्ये, त्सुकुबातल्या आमच्या प्रयोगशाळेत ते एक्स-रे यंत्र सांभाळायचे. साठी उलटलेले, उंच, जरा वाकलेले पोलिश गृहस्थ. एकटेच राहत. मी पुण्याहून पोस्टडॉकसाठी आलेली. कॅन्टीनमध्ये जपानी मुलं दोन मिनिटं "हाय, हाय", म्हणजे हो-हो, करून उठायची, उरायचे मी. तुम्हीही अशा एखाद्या टेबलावर अडकला असाल.

त्यांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाला पद घेतल्यावर पाचव्याच दिवशी, प्रदर्शनात चित्रं बघत असताना गोळी घातली, हे मला तिथं कळलं. दुसऱ्या महायुद्धानंतर एक सरकार वॉर्सात आणि दुसरा राष्ट्राध्यक्ष लंडनमध्ये, देशाविना, हेही. "वर्षानुवर्षं शिक्का जपून बसले होते. हसू नकोस."

पण त्यांचा लाडका होता तो फ्रान्सहून आणलेला राजा. काही महिन्यांतच तिकडे भाऊ वारला, तिकडची गादी मोकळी झाली, आणि हा गुपचूप पळाला. "सरदार घोडे फेकत सीमेपर्यंत गेले. परत चला म्हणाले. नाही आला."

एकदा मी सहज विचारलं, "तुम्ही निघालात तेव्हा कोण आलं होतं?"

"बायको. विमानतळापर्यंत." त्यांनी चमचा खाली ठेवला. "मुलगी खोलीतून बाहेरच आली नाही. नऊ वर्षांची होती. दोन वर्षांत येतो म्हणालो होतो."

त्याला पंचवीस वर्षं झाली होती.

गेल्या शरदात ती मुलगी आली. "तू बस सोबत," ते मला म्हणाले. "मला काय बोलायचं सुचणार नाही." स्टेशनजवळच्या सोबा नूडल्सच्या दुकानात आम्ही तिघं बसलो. माझ्यासाठी दोघं इंग्रजीत बोलत होती. ती शाळेत इतिहास शिकवते, असं कळलं. त्यांना केवढा आनंद झाला! लगेच पळालेल्या राजावर आले.

"बाबा, पुढचं राहिलं," ती शांतपणे म्हणाली. "लोकांनी त्याला तारीख दिली होती. तोवर आला नाही, तेव्हा सिंहासन रिकामं आहे असं जाहीर केलं. मग दुसरा निवडला."

तिनं पिशवीतून कागद काढले. "आईला लग्न करायचंय. तुमची सही हवी."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. तीन ठिकाणी सही केली. मग आपल्या ताटलीतली कोळंबी तिच्या ताटलीत सरकवली. "हे खा. इथली चांगली असते."

तिनं खाल्ली.

त्यानंतर कॅन्टीनमध्ये ते नुसते जेवायचे.

फेब्रुवारीत एक दिवस ते कामावर आले नाहीत. दुपारी प्रयोगशाळेच्या सेक्रेटरीबाईंनी घर उघडायला लावलं. हृदय बंद पडलं होतं. मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "तिथं जे करतात ते करा. मी फोनवर बघेन."

माझे आजोबा गेले तेव्हा मला स्मशानात नेलं नव्हतं. इथं दहनानंतर अस्थी वेचायला सेक्रेटरीबाई आणि मी, दोघींच्या हातात लांब चॉपस्टिक्स. एकच हाड दोघींनी मिळून उचलायचं. "पायांपासून सुरुवात करा," तिथला माणूस म्हणाला, "म्हणजे कलशात माणूस उभा राहतो." मी ते फोनकडे वळून मुलीला सांगितलं. तिनं मान हलवली.

मला रडू आलं नाही. हाड निसटू नये, एवढंच लक्ष होतं.

पांढऱ्या कापडात बांधलेला कलश माझ्या हातात दिला. तो अजून गरम होता.

"जड आहे का?" तिनं फोनवरून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हता.