किनाऱ्याचे संरक्षक

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हिंदुस्थानचा पश्चिम किनारा शत्रूपासून सुरक्षित राहिला, याचे श्रेय आमच्या आतोबांना जाते. निदान त्यांचे स्वतःचे मत तसे होते, आणि शत्रूच्या बाजूने कधी खुलासा आला नाही.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. व्यवसायाने वकील, आणि मुंबईच्या कौन्सिलात आमच्या कुलाबा जिल्ह्याचे सभासद. रेवसच्या खाडीपासून थोड्या अंतरावर त्यांचे घर होते. ओटीवरून समुद्र दिसे आणि आतोबा तो सकाळ-संध्याकाळ दुर्बिणीतून तपासत. युद्ध संपून बरीच वर्षे झाली होती, तरी क्षितिजावर अनोळखी शीड दिसले की ते हळूच म्हणत, "जर्मन असावा." आत्या आतून विचारी, "तो मासळी घेऊन येतोय का, तेवढं बघा." परकीय शत्रू समुद्रातून येणार आणि घरचे बॉम्बवाले टपालातून, अशी त्यांनी संकटांची वाटणी करून ठेवली होती. त्यामुळे घरी आलेले प्रत्येक पार्सल आधी पाण्याच्या घंगाळात बुडवले जाई. पाण्यात बॉम्ब निकामी होतो, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. माझ्या आईने दिवाळीला पाठवलेले रव्याचे लाडूही या तपासणीतून सुटले नाहीत. आत्याने निमूटपणे त्यांचा शिरा केला. पुढच्या वर्षापासून आई तिकडे सुपारीच पाठवू लागली.

कौन्सिलात विषय कोणताही असो, आतोबांचे भाषण संरक्षणावर येऊन थांबे. गावोगाव विहिरी खणाव्यात असा ठराव आला, तेव्हा ते उठून म्हणाले होते, "विहिरी खुशाल खणा, पण किनाऱ्यावर उतरलेल्या शत्रूला आयतं पाणी मिळेल, त्याचं काय?" बॉम्बवाल्या तरुणांवर त्यांचा राग होता, पण तो वडीलधाऱ्याचा. "देशासाठी मरा, मी नको म्हणत नाही," ते मला सांगत, "पण सनदशीर मार्गानं, आणि आवाज न करता." याच भूमिकेतून त्यांनी एक ठराव मांडला, की खेड्यापाड्यांत बंदुकीची दारू कोणत्याही सबबीखाली बाळगू देऊ नये. सरकारने तो तत्काळ मान्य केला, कारण त्यात खर्च नव्हता.

त्यानंतरच्या चैत्री पौर्णिमेला मी सुटी काढून आत्याकडे गेलो होतो. त्या दिवशी गावदेवीची पालखी निघते. आधी देवळापुढे उखळीचा बार व्हायचा आणि मगच भोयांनी पालखीला खांदा द्यायचा, असा रिवाज. उखळी म्हणजे दारू ठासायची लोखंडी कुंडी. बार काढण्याचा मान मिठागरात राबणाऱ्या गणूच्या घराण्याकडे होता. त्या सकाळी देशावरून नव्याने आलेल्या फौजदाराने गणूला दारूसकट, उखळीसकट उचलून नेले. पालखी देवळातच राहिली. दुपारी गणूची म्हातारी आई ओटीवर येऊन बसली.

"सायेब, कायदा तुमीच केलाव ना? मंग माज्या गनूला तुमीच सोरवा. आज बार झाला न्हाय, त मान दुसऱ्याचे घरा जाईल. माजा पोर गावात त्वांड कसा दाखवंल?"

आतोबा येरझाऱ्या घालू लागले. "कायदा सर्वांना सारखा, म्हातारे."

आत्या दारातून म्हणाली, "बरोबर आहे. देवी काय, बसून राहील. तुमचं तत्त्व तेवढं उभं राहिलं पाहिजे."

आतोबांनी कोट चढवला, पगडी घातली आणि मला गाडी जुंपायला लावली. चौकीत फौजदार खुर्चीवरून उठून म्हणाला, "साहेब, आपल्याच ठरावाची अंमलबजावणी केली."

"उत्तम केलीत. अभिनंदन करायलाच आलोय. आता सांगा, देवळाचं तोंड कुणीकडे आहे?"

"समुद्राकडे."

"म्हणजे ही उखळी समुद्राच्या रोखानं असते. अहो, सरकारला एक पै खर्च न लावता या किनाऱ्यावर उभी असलेली ही एकमेव तोफ! आणि तिचा गोलंदाज तुम्ही कोठडीत घातलात. शत्रूला आणखी काय हवं?"

कोठडीतून गणूचा आवाज आला, "सायेब, पन हिच्यात गोला न्हाय रं भरत."

"गप्प बस! लष्करी गुपित आहे ते."

फौजदाराने बराच वेळ मिशी कुरवाळली. कौन्सिलच्या सभासदाला नाही म्हणण्याइतकी त्याची नोकरी जुनी नव्हती. त्याने गणूला सोडून बाराचा परवाना देण्याची तयारी दाखवली. इथे दुसरा कोणी असता तर आभार मानून निघाला असता. पण तत्त्व थोडे वाकवले की लगेच सरळ करून ठेवायची आतोबांना सवय होती. त्यांनी स्वतःच अट घातली: बार फक्त चैत्री पौर्णिमेला. एरवी गणूच्या घरी दारूचा कण सापडला, तर पहिली फिर्याद आपली.

दिवस मावळता मावळता बार झाला. आतोबांची पगडी उडून माझ्या हातात आली. पालखी उठली आणि गणूची आई रडू लागली. आतोबा समुद्राकडे बघत समाधानाने म्हणाले, "ऐकलं असेल त्यांनी."

पुढच्या निवडणुकीत ते पडले. विहिरींचा ठराव मांडणारा गृहस्थ निवडून आला. आतोबांची दुर्बीण मात्र चालूच राहिली. शेवटी शेवटी डोळ्यांना दिसेनासे झाले, तेव्हा ते गणूला शेजारी बसवून विचारीत, "काही हालचाल?" गणू क्षितिजाकडे नीट बघून सांगे, "न्हाय सायेब, सगला सामसूम हाय."

ते गेले तेव्हा पावसामुळे आगबोटी बंद होत्या, आणि मुंबईहून कोणी येऊ शकले नाही. गणू मात्र पहाटेच उखळी डोक्यावर घेऊन आला. ती त्याने फाटकाशी मांडली आणि शेजारी हात जोडून उभा राहिला. दोघाचौघांनी त्याला सुचवले, "काढ की एक बार. आज कोण विचारतंय?"

गणूने मान हलवली. "सायबांची अट हाय."

आतोबांना बाराशिवायच नेले. आषाढ होता, आणि परवाना चैत्री पौर्णिमेपुरता होता.