साळवेबाईंचा अंदमानातला आठवडा

रत्नमाला साळवे आणि मी करमाडच्या जिल्हा परिषद शाळेत सतरा वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसलो. त्या मराठी शिकवायच्या, मी गणित. निवृत्तीनंतर दोघांचीही घरं सिडकोत झाली, तीन गल्ल्यांच्या अंतरावर. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला काळे सर म्हणतात.

बाई लिहायच्या, पण पुस्तक त्यांनी कधी काढलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडलेल्या, तलावाची माती वाहिलेल्या बायकांची हकीकत त्या गोळा करत. सुरुवात घरातच झाली. सासूबाई मनकर्णाबाई एकदा भाकरी थापता थापता सांगून गेल्या की कामावरच लेकरू झालं, चौथ्या दिवशी पुन्हा घमेलं उचललं आणि सातव्या दिवशी लेकरू गेलं. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. मग शेजारीण, मग नात्यातली कुणी, मग सिल्लोड, फर्दापूरकडची खेडी. यजमान रामकिसनराव टेलिफोन खात्यात होते. ते सोबत जायचे, म्हातारीसमोर रेकॉर्डर धरून मुकाट बसायचे. त्यांनीच आईच्या नावानं वेबसाइट काढली. प्रत्येक बाईला एक पान: वर फोटो, मधे बाईंनी लिहिलेली हकीकत, खाली तिचा आवाज. बारा वर्षांत एकशे त्रेचाळीस बायका झाल्या. पहिल्या चाळीस वहीत होत्या. पुढं रामकिसनरावांनी टायपिंग शिकवलं, तेव्हापासून बाई थेट साइटवरच लिहायला लागल्या.

माझी आई सत्ताविसावी. आमच्या घरी बागायत होती, तरी त्या वर्षी ती तोंडाला पदर बांधून रस्त्याच्या कामावर गेली होती. मला तिनं हे कधी सांगितलं नाही. बाईंना सांगितलं.

मागच्या एप्रिलमध्ये रामकिसनराव सकाळी दूध आणायला गेले आणि कॉलनीच्या कोपऱ्यावरच कोसळले, ते उठलेच नाहीत. त्यानंतर बाईंनी लिहिणं बंद केलं. साइट उघडून बघणंही बंद केलं. रामकिसनरावांचा आवाज अधूनमधून त्या रेकॉर्डिंगमध्ये होता ना. "मावशी, जरा जवळ बोला," एवढाच. तेवढाही बाईंना सोसत नव्हता.

मुलगा राजकुमार पोर्ट ब्लेअरला बंदराच्या बांधकामावर इंजिनिअर. आईनं हवापालट करावा म्हणून त्यानं जानेवारीत तिकीटच काढून पाठवलं. तो आणि सून मेघा दोघांनी आठवडाभराची रजा टाकली, बेटांवर फिरायचं ठरवलं. बाईंनी जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली. तुळस नव्हती त्यांच्याकडे, एक कढीपत्ता होता, त्याला पाणी घालायचं होतं.

सोमवारी ते पोर्ट ब्लेअरच्याच एका बीचवर गेले. मेघानं बाईंना घोट्याएवढ्या पाण्यात उभं करून फोटो काढला. तेवढ्यात सिल्लोडहून कारभारी नावाच्या माणसाचा फोन आला. त्याची आजी लक्ष्मीबाई, बाईंची एकोणनव्वदावी. दहा दिवसांपूर्वी वारली होती. दहाव्याला जमलेल्या लोकांना तिचा आवाज ऐकवावा म्हणून त्यानं साइट उघडली, तर तिथं पत्ते, फिरती चक्रं आणि अर्धवट कपड्यांतल्या पोरी.

"बाई, तुमी शिकल्यासवरल्या," तो म्हणाला. "आमच्या म्हातारीच्या नावावर जुगार लावलाय व्हय?"

बाईंना काही कळेना. त्यांनी मला फोन लावला. मी मोबाइलवर बघितलं, खरंच तसं होतं. भाषाही कुठली ते कळत नव्हतं. मी त्यांना म्हणालो, काहीतरी बिघाड असेल, उद्या चौकशी करतो, तुम्ही फिरा.

दुसऱ्या दिवशी मी साइट सांभाळणाऱ्या कंपनीच्या कचेरीत गेलो. बाईंच्या घरातल्या जुन्या कागदांवरून पत्ता सापडला होता. तिथं शिवम म्हणून एक तरुण बसला होता. त्यानं मला शेजारी खुर्ची दिली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून नीट समजावून सांगितलं. साइटच्या नावाची मुदत जुलैत संपली होती. आठवण करून देणारे अकरा मेल गेले होते, सगळे रामकिसनरावांच्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही. साइट बंद झाली, नाव बाजारात मोकळं झालं आणि परदेशातल्या कुणीतरी जुगारवाल्यानं उचललं.

"नाव जाऊ द्या," मी म्हणालो. "आतला मजकूर?"

"तो आम्ही नव्वद दिवस ठेवतो, काका. नंतर आपोआप पुसला जातो."

मी तारीख विचारली. ऑक्टोबर. म्हणजे दिवाळीत आम्ही बाईंच्या ओट्यावर बसून चहा पीत होतो तेव्हा ते सगळं जाऊन चुकलं होतं. शिवमनं माझ्यासमोर वरच्या साहेबाला फोन करून पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. दार उघडायला तो माझ्यासोबत खालपर्यंत आला, याहून जास्त त्याच्या हातात काही नव्हतं.

बाई तोवर हॅवलॉक बेटावर पोचल्या होत्या. तिथं रेंज धड नव्हती. मी सांगितलेलं त्यांना तुटक तुटक ऐकू गेलं आणि प्रत्येक तुकडा मला दोनदा सांगावा लागला. पुसलं गेलं, हा शब्द मी तीनदा उच्चारला. पण त्या खचल्या नाहीत. म्हणाल्या, यांनी सगळ्याची प्रत एका हार्डडिस्कवर ठेवलीये, कपाटात खालच्या कप्प्यात, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.

मी लगेच गेलो. डबा होता. आत दोन वायरी आणि एक वॉरंटीचं कार्ड. सगळं कपाट बाहेर काढलं, पलंगाखालच्या पेट्या बघितल्या. मग बाईंना सांगायची हिंमत होईना म्हणून मी राजकुमारला मेसेज केला: वडिलांची डिस्क कुठं आहे?

मेसेजच्या खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

पुढचं मला बाईंनी नंतर सांगितलं. बुधवारी ते हॅवलॉकवरच्याच राधानगर बीचवर होते. पांढरी वाळू, मागं उंच झाडं, लोक सूर्य मावळायची वाट बघत बसलेले. मेघा नारळपाणी आणायला गेली तेव्हा राजकुमार आईशेजारी वाळूत बसला आणि म्हणाला की डिस्क त्याच्याकडेच आहे, पोर्ट ब्लेअरच्या घरी. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर कपाट आवरताना डिस्क त्याला सापडली होती. त्यानं आईला विचारलं होतं, ही मी नेऊ का. त्या हो म्हणाल्या होत्या. त्या दिवसांत त्या सगळ्यालाच हो म्हणत होत्या.

"वर काही लिहिलेलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"चिठ्ठी होती. बाया, एक ते एकशे त्रेचाळीस."

"मग?"

"मी एक फाइल लावून बघितली, आई. आजीचा आवाज होता. म्हटलं, हे तर साइटवर आहेच. म्हणून पुसली. आता त्यात पिक्चर आहेत."

तो रडायला लागला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही आणि त्याला रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चल, मेघा शोधत असेल."

परतीचं तिकीट रविवारचं होतं. मधले दिवस कसे गेले असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. बोटीची, हॉटेलची सगळी आरक्षणं आधीच झाली होती, म्हणून ती माणसं ठरल्याप्रमाणे फिरत राहिली. गुरुवारी नील बेट. तिथं ओहोटीला पाणी लांब सरकतं आणि खडक उघडे पडतात. गाइड लोकांना हात धरून खेकडे, समुद्रातल्या गोगलगाई दाखवत होता. बाई एका खडकावर बसून मनातल्या मनात बायकांची नावं म्हणत होत्या. एकेचाळिसावी कोण, बेचाळिसावी कोण. साठाच्या पुढं गोंधळ व्हायला लागला. मेघानं फोटो काढायला हाक मारली की त्या उठून उभ्या राहायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. शेवटी मेघानं फोन पर्समध्ये ठेवला, हॉटेलवरून एक कोरी वही मागून आणली आणि सासूच्या हातात दिली. शनिवारच्या बीचवर त्या गाडीतून उतरल्याच नाहीत.

डिस्क त्यांनी सोबत आणली. इथल्या एका दुरुस्तीवाल्याकडे ती सव्वा महिना होती. त्याच्या हाती आवाजाचे नऊ तुकडे लागले, मोठ्यात मोठा पाऊण मिनिटाचा. एकात कोंबडं आरवतंय. एकात कुणी तरी रेशनवरच्या परदेशी ज्वारीबद्दल म्हणतंय, "लाल मिलो खाऊन पोट फुगायचं." कोण म्हणतंय ते बाईंना ओळखू आलं नाही. माझी आई त्यात नाही. तिची हकीकत वहीत आहे, तेवढी मी झेरॉक्स करून घेतली.

दुरुस्तीवाल्यानं हात टेकल्यावर बाई म्हणाल्या, सिल्लोडला जायचं. मी सोबत गेलो. कारभारी दारातच भेटला. मक्याची पोती भरणं चाललं होतं, त्यानं आम्हाला बसायला सांगितलं पण स्वतः उभाच राहिला. बाईंनी काही लपवलं नाही. साइट गेली, प्रत गेली, चूक आमच्या घरची आहे, असं हात जोडून सांगितलं.

"मंग म्हातारीचा आवाज?"

"नाही राहिला."

त्यानं पोत्याच्या तोंडाची सुतळी आवळली. मग म्हणाला, "आमच्याकडं तर फोटू बी एकच हाय. सगळं तुमच्यात हाय म्हणून आमी काई ठिवलंच नाय."

बाई म्हणाल्या, मला आठवतंय तेवढं सांगू का. आतून लक्ष्मीबाईंची मुलगी आली, साठीची. बाई सांगायला लागल्या: कामावरचा मुकादम हजेरी लावताना नाव चुकीचं घ्यायचा, लक्ष्मीबाई रोज दुरुस्त करायच्या, म्हणून एक दिवस त्यानं कामावरून काढलं. मुलगी मधेच म्हणाली, ती माझी मावशी, आई नव्हं. बाई थांबल्या. त्यांना खात्री देता येईना. चहा आला, तो आम्ही घेतला आणि निघालो. गाडीनं फुलंब्री गाठली. मग म्हणाल्या, "सर, मी दुसऱ्याच बाईचं आयुष्य त्यांच्या दारात नेऊन टाकलं."

मार्चपासून त्यांनी पुन्हा गावं धरली. पुसल्या गेलेल्या एकशे तीनपैकी ज्यांची नावं आठवली त्या एक्याऐंशी. त्यातल्या जिवंत एकोणतीस. एसटीनं, कधी माझ्या स्कूटरवर. बऱ्याच जणींना आता ऐकू येत नाही, काहींना बाईच आठवत नाहीत. फर्दापूरच्या एका म्हातारीनं मात्र लगेच ओळखलं. साहेब कुठंत, असं विचारलं. बाईंनी सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "येकदा सांगितलं ना, माय. लई जीव गोळा करून सांगितलं व्हतं. आता परत नगं." बाईंनी वही मिटली. तिच्या पाया पडल्या.

राजकुमारचा दर रविवारी फोन येतो. तो इकडचं तिकडचं बोलतो, बाई हं हं करतात आणि मग फोन मेघाला द्यायला सांगतात. त्यानं नवी साइट करून द्यायची तयारी दाखवली, त्या नको म्हणाल्या. जुन्या नावाच्या परदेशी मालकाला आम्ही दोन तक्रारी पाठवल्या, एकीचंही उत्तर नाही. मनकर्णाबाईंचं नाव टाकलं की अजूनही ती चक्रं फिरतात.

आजवर चौदा हकीकती पुन्हा लिहून झाल्यात, वहीत, शाईच्या पेनानं. प्रत्येकीची झेरॉक्स माझ्याकडे असते. उरलेल्या बावीस बायकांची नावंच सापडत नाहीत. परवा बाई आल्या आणि ओट्यावर बसून म्हणाल्या, एक करमाडकडची होती, डाव्या हाताला दोनच बोटं होती तिला, बाकीची खडी फोडताना गेली होती. गाव आठवतं, घर आठवतं, हात आठवतो. नाव नाही. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत एकेक नाव घेऊन बघत बसलो.